एमई २६२ ला उशीर कुणामुळे झाला, हिटलरमुळे की टर्बाइनच्या ब्लेडमुळे?

प्रश्न असा आलाय: "जर्मनीच्या मेसरश्मिट २६२ (एमई २६२) या जेट फायटरचं पहिलं प्रोटोटाइप १९४१ मधेच उडालं होतं, मग लढाईत यायला १९४४ चा जुलै का उजाडला? हिटलरने फायटरऐवजी बॉम्बर करायला लावलं म्हणून उशीर झाला असं सगळीकडे वाचतो, ते कितपत खरं?"

थोडक्यात सांगायचं तर फारसं खरं नाही. हिटलरने गोंधळ घातला हे खरं, पण तो गोंधळ घालेपर्यंत उशीर होऊन गेला होता. विमान तयार होतं, इंजिन नव्हतं, आणि इंजिन का नव्हतं हीच खरी गोष्ट आहे. मी इतिहासकार नाही. तीस वर्षं जेट इंजिनांच्या ओव्हरहॉलमधे गेली, त्यातली बरीचशी हॉट सेक्शनवर, म्हणजे इंधन जळतं तो कम्बशन चेंबर आणि त्या गरम झोताने फिरणारं टर्बाइन यांच्यावर, त्यामुळे मी ही गोष्ट विमानाच्या बाजूने न बघता इंजिनाच्या बाजूने बघतो, तेवढं समजून घ्या. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी १९४१ मधे नेमकं काय उडालं ते बघू. तारीख १८ एप्रिल १९४१, गाव आउग्सबुर्ग, पायलट फ्रिट्झ वेंडेल. जेट फायटरचं पहिलं प्रोटोटाइप, आणि त्यावर जेट इंजिन एकही नाही! नाकात युमो २१० नावाचं साधं पिस्टन इंजिन आणि पुढे फिरणारा पंखा. मांडव घातलाय, वाजंत्री आलीय, जेवणाच्या पंगती बसल्यात आणि नवरदेवाचाच पत्ता नाही, अशातली गत. का, तर जेट इंजिन बीएमडब्ल्यू देणार होती, ती आज देतो उद्या देतो करत होती आणि मेसरश्मिटची माणसं किती दिवस हातावर हात ठेवून बसणार, म्हणून त्यांनी म्हटलं निदान बॉडी कशी उडते ते तरी बघून घेऊ. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. इंजिन येईल तेव्हा येईल, तोवर कंट्रोल जड आहेत का, वेग कमी पडला की विमान कसं कोसळायला लागतं (स्टॉल), हे तर कळलं.

या विमानाची जी जी वैशिष्ट्यं लोक कौतुकाने सांगतात ना, त्यातली बरीच इंजिनाच्या गैरसोयीतून आलीत. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे मागे कललेले पंख. बघा, जर्मनांनी १९४० मधेच स्वेप्ट विंग लावलं, केवढी दूरदृष्टी! अहो तसं काही नाही. मूळ आराखड्यात इंजिनं पंखाच्या मुळाशी बसायची होती. बीएमडब्ल्यूने सांगितलेल्या मापापेक्षा इंजिन जाडही झालं आणि जडही झालं, ते मुळाशी मावेना, म्हणून ते पंखाखाली लटकवलं. तेवढ्याने विमानाचा तोल बिघडला, तो सावरायला पंखाचा बाहेरचा भाग मागे नेला. साडेअठरा अंशांचा तो कल मुळात तराजूच्या पारड्यात टाकलेलं पासंग होतं. वेगाला त्याचा थोडा फायदा झाला तो वरकड.

मार्च १९४२. एकदाची बीएमडब्ल्यूची इंजिनं आली. मेसरश्मिटवाल्यांनी ती पंखाखाली बसवली, पण नाकातलं पिस्टन इंजिन काढलं नाही. कुणीतरी अनुभवी माणूस असणार, कारण नवीन इंजिनावर एवढा अविश्वास अनुभवानेच येतो. २५ मार्चला वेंडेलने टेकऑफ घेतला आणि जमिनीपासून फार वर जायच्या आतच एक जेट बंद पडलं, पाठोपाठ दुसरं. नाकातल्या त्या म्हाताऱ्या इंजिनाच्या जोरावर त्याने विमान कसंबसं फिरवून खाली आणलं. उघडून बघितलं तर कॉम्प्रेसरची, म्हणजे हवा आत दाबणाऱ्या भागाची, ब्लेडं तुटलेली.

शेजारी हाइनकेल कंपनीची वेगळीच कथा चालू होती. हाइनकेल २८० हे दोन इंजिनांचं जेट फायटर १९४१ च्या वसंतातच जेटवर उडालं, म्हणजे एमई २६२ च्या वर्षभराहून जास्त आधी. पहिल्या उड्डाणाला इंजिनावरची झाकणं काढून उडवलं होतं, कारण इंधन गळून झाकणात साचायचं आणि आग लागायची भीती. त्याच विमानातून जानेवारी १९४२ मधे बर्फ जमल्यावर हेल्मुट शेंक नावाचा पायलट इजेक्शन सीटने बाहेर पडला, खऱ्या संकटात इजेक्शन सीटने वाचलेला तो पहिला माणूस. विमान छान होतं, पण हाइनकेलचं स्वतःचं इंजिन कधी धड जमलंच नाही आणि मार्च १९४३ मधे प्रोजेक्ट गुंडाळला. म्हणजे तिथेही तेच.

आता युंकर्स या कंपनीकडे येऊ, कारण शेवटी नवरदेव तिथून आला. अन्सेल्म फ्रांझ हा तिथला प्रमुख डिझायनर, इंजिनाचं नाव युमो ००४. या माणसाचं मला कौतुक वाटतं ते त्याच्या हट्टामुळे नाही, उलट हट्ट न केल्यामुळे. त्याने ठरवलं की मला सगळ्यात भारी इंजिन करायचंच नाहीये, मला लवकर चालणारं इंजिन करायचंय. कॉम्प्रेसर आठ स्टेजचा अॅक्सियल, म्हणजे हवा सरळ मागे ढकलत आठ टप्प्यांत दाबणारा, त्याचं वायुगतिकीचं काम ग्योटिंगेनच्या संस्थेकडे. कम्बशनसाठी एक मोठं कडं करण्यापेक्षा सहा सुटे डबे, कारण एक डबा टेबलावर ठेवून वेगळा टेस्ट करता येतो, पूर्ण इंजिन लागत नाही. ज्याने कधी टेस्ट बेडवर रात्री काढल्यात त्याला या निर्णयाची किंमत कळेल.

(ग्योटिंगेन म्हटलं की मला आपले डॉ. विष्णू माधव घाटगे आठवतात. तिथल्याच वायुगतिकीच्या प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आलेले, पुढे बंगळुरूला एचएएल या विमान कारखान्यात एचटी-२ ट्रेनरचं डिझाइन त्यांचं. शेवटी पुन्हा बंगळुरूला यायचंच आहे, म्हणून आत्ता एवढंच.)

युमो १९४० च्या शेवटी पहिल्यांदा चाललं आणि लगेच कॉम्प्रेसरच्या स्थिर ब्लेडांना कंप सुटून ती तुटली. मिश्रधातूची काढून पोलादाची घातली, बांधणी बदलली. ऑगस्ट १९४१ मधे ६०० किलो थ्रस्टचा (पुढे ढकलणाऱ्या जोराचा) पहिला टप्पा गाठला, मार्च १९४२ मधे मेसरश्मिट ११० च्या पोटाखाली बांधून हवेत नेऊन तपासलं आणि मग १८ जुलै १९४२ ला लाइपहाइमच्या धावपट्टीवर तिसऱ्या प्रोटोटाइपवर दोन युमो ००४ लावून वेंडेल बसला. या वेळी नाकात पंखा नाही. नाही चाललं तर नाही.

चालली इंजिनं, पण विमान जमीन सोडेना. का ते बघा, गंमत आहे. जुन्या पद्धतीने शेपटीखाली चाक, म्हणजे विमान उभं असताना नाक वर आणि शेपूट जमिनीला. पंख्याच्या विमानात पंख्याची हवा मागे एलिव्हेटरवर, म्हणजे शेपटीच्या हलत्या फळीवर, येते, त्यामुळे थोड्या वेगालाच शेपूट उचलता येते. इथे पंखाच नाही. पंखाची आणि बॉडीची आडवी सावली एलिव्हेटरवर, तिथे हवाच लागत नाही, पायलट काठी पुढे ढकलतोय आणि काहीही होत नाहीये, समोर धावपट्टी संपत आलीय. उपाय काय काढला, तर १८० किलोमीटर वेगाला ब्रेकवर हलकेच पाय टेकवायचा. टेकऑफच्या मधोमध ब्रेक! ब्रेकने विमान पुढे झुकतं, शेपूट उचलली जाते, एलिव्हेटरला हवा लागते आणि मग उडतं. वेंडेलने ते केलं, बारा मिनिटं उडाला आणि सुखरूप उतरला. ऑगस्टमधे रेखलिनच्या चाचणी केंद्रातून हाइनरिश बोव्हे आला, त्याला ही युक्ती समजावून सांगितली होती, पण सांगणं वेगळं आणि पायाने करणं वेगळं. विमान उडालंच नाही, सरळ शेतात गेलं. पायलट वाचला, प्रोटोटाइप मोडलं आणि काही महिने गेले. नाकाखाली चाक येईपर्यंत पाचवं प्रोटोटाइप उजाडलं, जून १९४३, आणि तेही आत न घेता येणारं. आत घेता येणारं सहाव्याला, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. हाइनकेलने ते पहिल्यापासून लावलं होतं. हा उशीर मात्र मेसरश्मिटच्याच पदरात टाकायला हवा, इंजिनाच्या नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, १९४२ मधे जेटवर उडालं, १९४३ च्या मे मधे आडोल्फ गालांडसारखा फायटर दलाचा प्रमुख स्वतः उडवून खूश होऊन आला, मग करा की शेकड्याने. (त्या दिवशीसुद्धा त्याच्यासाठी ठेवलेल्या विमानाच्या इंजिनाला स्टार्ट करताना आग लागली आणि त्याला शेजारच्या विमानात बसावं लागलं, हे लक्षात ठेवा.) पण युमो ००४ ए, म्हणजे जे इंजिन उडालं, ते कारखान्यात शेकड्याने करण्यासारखं नव्हतंच. त्यात निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम असली उष्णता सहन करणारी धातू सढळ हाताने वापरली होती आणि युद्धातल्या जर्मनीत ती सोन्यासारखी मोजून मिळायची. म्हणून बी मॉडेल काढलं, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे.

बी मॉडेलमधे कम्बशनचे डबे साध्या पोलादाचे. साधं पोलाद म्हणजे आपल्या पत्र्याच्या शेगडीचं म्हणा, वरून अॅल्युमिनियमचा थर देऊन भाजून काढलेलं, की गंज आणि आच थोडी तरी आवरेल. इंजिनाचं वजन जवळपास १०० किलोने कमी झालं, थ्रस्ट ९०० किलो मिळाला. टर्बाइनची ब्लेडं आधी भरीव आणि निकेलवाली, मग पत्र्याची पोकळ करून आतून हवा खेळवलेली, आणि पुढे तर निकेल पूर्ण काढून मँगनीज-क्रोमियमचं पोलाद, ज्याला ते क्रोमाडुर म्हणायचे. शेवटी अख्ख्या इंजिनात क्रोमियम जेमतेम दोन किलोच्या आसपास उरलं होतं. आत्ताच्या कुठल्याही मटेरियलवाल्याला हे सांगून बघा, तो खुर्चीत सरळ होऊन बसेल.

का, ते सांगतो. टर्बाइनचं ब्लेड हे बिचारं दोन्हीकडून भरडलं जातं. समजा १०० ग्रॅमचं ब्लेड आहे, मध्यापासून ३० सेंटीमीटरवर, ९,००० आरपीएमला फिरतंय, हिशोब करा, ते आपल्या मुळाला अडीच टनांहून जास्त जोराने ओढत असतं. आणि हे सगळं धातू लाल होईल इतक्या तापमानात. थंड पोलाद हे ओझं हसत सहन करेल, पण तापलेलं पोलाद हळूहळू लांबतं, याला आम्ही क्रीप म्हणतो. ओव्हरहॉलला इंजिन आलं की ब्लेडचं टोक आणि बाहेरचं कडं यात फीलर गेजचं पातळ पान घालून फट बघायची हे आमचं रोजचं काम. पान जिथे सहज जायला हवं तिथे अडकलं की समजायचं ब्लेड लांबलंय, कड्यावर घासल्याची चकचकीत रेघ दिसली तर गेज घालायचीही गरज नाही. आमच्या हातात निकेलची ब्लेडं होती आणि तरी आम्ही शेकडो तासांनी ती तपासून काढायचो. युमोला ओव्हरहॉलमधलं अंतर ठरलेलं होतं २५ तास, प्रत्यक्षात बरीचशी इंजिनं १० तासांतच संपायची. लोक याला निकृष्ट जर्मन माल म्हणून हसतात. मला उलट वाटतं. निकेलशिवाय १० तास चालवून दाखवलं हीच कमाल आहे.

पण थांबा, १९४३ च्या उन्हाळ्यात टर्बाइनची ब्लेडं तुटायला लागली ती क्रीपने नव्हे. पूर्ण आरपीएमला, अचानक, मुळाशी. हा कंपाचा आजार. आमच्या वाड्यात आजोबा तंबोरा लावायला बसले की एका ठरावीक सुराला फडताळातली पितळी वाटी आपोआप झणझणायची, बाकी सुरांना गप्प. ब्लेडचंही तसंच, प्रत्येकाचा आपला एक सूर असतो. आता इंजिनात सहा डबे आहेत, म्हणजे ब्लेड एका फेरीत सहा वेळा गरम झोतासमोरून जातं, सहा धक्के खातं. ९,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५० फेऱ्या, गुणिले सहा, सेकंदाला ९०० धक्के. ब्लेडचा स्वतःचा सूर त्याच्या आसपास असला की वाटी झणझणते, फक्त इथे वाटी तुटते.

मग ब्लेडांचा सूर ओळखायचा कसा? फ्रांझने चक्क एका वादकाला बोलावलं. ब्लेड पकडीत घट्ट धरायचं, व्हायोलिनच्या गजाने त्याच्या कडेवरून घासायचं आणि त्या माणसाने कानाने सांगायचं की सूर कुठला. आपल्याकडे तबलजी छोट्या हातोडीने गठ्ठा खालीवर ठोकून सूर मिळवतो, अगदी तसंच, फक्त इथे सूर मिळवायचा नव्हता, मुद्दाम बेसूर करायचं होतं! ब्लेड टोकाकडे जास्त निमुळतं केलं, लांबी एक मिलिमीटरने कमी केली, म्हणजे सूर वर गेला; आणि इंजिनाचा कमाल वेग ९,००० वरून ८,७०० वर आणला, म्हणजे धक्के ९०० वरून ८७० वर आले. एक मिलिमीटर आणि ३०० आरपीएम. यासाठी १९४३ चं अर्धं वर्ष गेलं, डिसेंबरात विमान मंत्रालयात बैठका झाल्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन मिनिटं पुस्तक मिटून बसलो होतो, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी आमचे फोरमन काका ब्लेड सुतळीला टांगून पेनच्या टोकाने टिचकी मारायचे आणि "हा बघ, हा मेलेला बोलतोय" म्हणून बाजूला काढायचे. नंतर तपासणीत त्याला खरंच तडा निघायचा.

थ्रॉटलबद्दलही, म्हणजे इंधन कमीजास्त करायच्या दांड्याबद्दलही, थोडं. युमोचा थ्रॉटल झटकन पुढे ढकलला की इंधन जास्त, हवा कमी, टर्बाइन जळायला सुरुवात. झटकन मागे ओढला की ज्योत विझणार. पिस्टन इंजिनावर वाढलेला पायलट लढाईत हात आवरणार कसा? मी स्वतः शिकाऊ असताना टेस्ट बेडवर घाई करून एक हॉट स्टार्ट करून दाखवलाय. तापमानाचा काटा लाल रेघेच्या पलीकडे गेला तेव्हा शेजारच्या माणसाने माझ्या हातावर फटका मारून इंधन तोडलं. इंजिन परत उघडावं लागलं आणि आठवडाभर मला कॅन्टीनमधे सगळे "भट्टीवाले" म्हणत होते. माझ्यासमोर शांत खोली होती आणि बाजूला शहाणा माणूस होता. एमई २६२ च्या पायलटामागे लँडिंगच्या वेळी टपून बसलेली अमेरिकन फायटर मस्टँग होती.

आता हिटलर. नोव्हेंबर १९४३ मधे इन्स्टरबुर्गला त्याला विमान दाखवलं आणि बॉम्ब नेता येईल का असं त्याने विचारलं आणि होकार मिळाल्यावर तो खूश झाला. मे १९४४ मधे त्याला कळलं की विमानं फायटर म्हणूनच बनताहेत, तेव्हा भडकला आणि बॉम्बरच करा असा हुकूम सोडला. पण तारखा शेजारी ठेवून बघा. टर्बाइनच्या कंपाचा प्रश्न सुटतोय डिसेंबर १९४३ च्या सुमारास आणि बी मॉडेलचं डिझाइन पक्कं करून मोठं उत्पादन सुटतंय जून १९४४ मधे. हुकूम मे मधला. म्हणजे हुकूम निघाला तेव्हा फायटर म्हणूनसुद्धा बसवायला पुरेशी इंजिनं नव्हतीच. बॉम्बचे रॅक लावणं हे त्यामानाने किरकोळ काम. हुकुमामुळे एवढं झालं की आलेली थोडीफार विमानं काही महिने भलत्या तुकड्यांकडे गेली. त्यात फेब्रुवारी १९४४ मधे आउग्सबुर्गवर झालेले बॉम्बहल्ले आणि पांगलेले कारखाने धरा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ब्रिटिशांच्या टेहळणीच्या मॉस्किटोशी पहिली गाठ पडली. एकूण १,४०० हून जास्त विमानं बनली, पण एका वेळी उडण्याजोगी २०० सुद्धा क्वचित असायची.

युद्ध संपल्यावर सेनापतींनी पराभवाचं खापर मेलेल्या हिटलरवर फोडलं, ते सोपंही होतं. ब्लेडवर कोण खापर फोडणार. ब्रिटिशांचं ग्लॉस्टर मीटिओर त्याच जुलैत तुकडीत दाखल झालं, वेगाने बरंच कमी, पण त्याचं रोल्स-रॉइस इंजिन १८० तास चालायचं. त्यांच्याकडे निकेल होतं.

आता बंगळुरू, कबूल केल्याप्रमाणे. युद्धानंतर जर्मनीत विमानं बनवायला बंदी, म्हणून विली मेसरश्मिट स्पेनला गेला, तिथे एका छोट्या फायटरचं डिझाइन केलं, ते पुढे इजिप्तने घेतलं, नाव एचए-३००. त्याच्यासाठी इंजिन, ई-३००, करत होता फर्डिनांड ब्रांडनर, हा मूळचा युंकर्सचाच माणूस. आणि १९६४ च्या मार्चमधे इजिप्तमधल्या हेलवानला विमान तयार झालं, पण इंजिन तयार नव्हतं! तेव्हा ब्रिटिश ऑर्फियस इंजिन लावून उडवलं. पायलट कोण, तर आपल्या हवाई दलाचे कपिल भार्गव. तिकडे बंगळुरूला जर्मन डिझायनर कुर्ट टँक यांचं मारुत हे फायटर, दोन इंजिनांचं, १७ जून १९६१ ला सुरंजन दास यांनी उडवलेलं, तेही ताकदवान इंजिनाची वाट बघत साध्या ऑर्फियसवर दिवस काढत होतं. दोघांचं दुखणं एकच, म्हणून एक मारुत इजिप्तला पाठवलं. एका बाजूला चालतं इंजिन ऑर्फियस, दुसऱ्या बाजूला नवं ई-३००, असं ते १९६७ मधे हेलवानला उडलं. म्हणजे पंचवीस वर्षांनीसुद्धा नव्या जेटच्या जोडीला भरवशाचं जुनं इंजिन ठेवूनच उडायचं, वेंडेलच्या नाकातल्या त्या पंख्यासारखं. १९६९ मधे इजिप्तने प्रोजेक्ट बंद केला. मारुत शेवटपर्यंत ऑर्फियसवरच उडालं.